घोडीनं वेळेआधी कास केली तेव्हा

आमच्या भागात अल्ट्रासाउंडचं मशीन घोडीच्या वाट्याला एकदाच येतं. घोडा दाखवल्यानंतर पंधरा-सोळा दिवसांनी, घोडी राहिली का आणि एकाच्या जागी दोन गर्भ तर नाहीत ना, एवढं पाहायला. जुळं असेल तर त्यातला एक गर्भ तेव्हाच जिरवतात, कारण घोडीच्या पोटात दोन शिंगरं नीट पोसली जात नाहीत. ते झालं की मशीन गाडीत परत जातं आणि पुढचे अकरा महिने सगळी भिस्त नजरेवर. आमची बिजली गेल्या हिवाळ्यात ज्या दुखण्यातून गेली ते नजरेला दिसलं ते फक्त शेपटाच्या टोकानं. खरं दुखणं वारेचं, म्हणजे पोटात शिंगराला पोसणाऱ्या आवरणाचं, होतं आणि ते मशीनवरच दिसलं. ज्यांच्या दावणीला गाभण घोडी आहे त्यांना शेवटच्या तीन महिन्यांत काय काय पाहता येतं हे कळावं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

बिजली मारवाडी, कुमैत रंगाची, मानेवर देवमण, म्हणजे शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा. आबांनी तिला सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली तेव्हा ती ऐन उमेदीत होती. आता वय झालंय. म्हाताऱ्या होत चाललेल्या घोड्यांची पाठीमागची ठेवण बदलते: गुदद्वार आत ओढलं जातं, योनीचे ओठ सरळ उभे न राहता कलते होतात, लीद त्यांच्यावरून ओघळते आणि चालताना हवाही आत शिरते. बिजलीचं तसं होत चाललं होतं. पण दोन वेतं सुखरूप झाली होती, घोडी अंगानं भरलेली, त्यामुळं त्या ठेवणीचा संबंध पोटातल्या शिंगराशी लावावा असं आमच्या भागात कुणी सांगितलेलं नव्हतं.

आमचं गाव अकलूजच्या अलीकडं, चारी बाजूंनी ऊस. आबांचे गुडघे गेल्यापासून तबेला मी पाहते, आणि माझ्याबरोबर मोतद्दार मामा, ज्यांनी आबांच्या वडिलांचीही घोडी सांभाळली. डिसेंबर होता. दत्त जयंतीला आमच्या ओळखीतले निम्मे घोडेवाले सारंगखेड्याला गेलेले. सकाळी खरारा करता करता मामांनी हाक मारली.

"ताई, कास जड लागतीया. अन् ह्ये बगा."

त्यांनी सड हलकेच दाबला तर पांढरट पाणी आलं. मग शेपटी बाजूला करून दाखवली. आतल्या केसांना पिवळसर, चिकट असं काहीतरी वाळून बसलं होतं. फार नव्हतं; रोज हात फिरवणाऱ्या माणसालाच दिसेल इतकंच.

घोडा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दाखवला होता, तारीख वहीत होती. घोडीचे दिवस साधारण ३४०. ३२० ते ३६५ च्या मध्ये कधीही व्याली तरी काळजी नसते. म्हणजे बिजलीला अजून पुरते दोन महिने बाकी होते. घोडी कास करते, म्हणजे तिची कास भरून येते, ती शेवटच्या महिन्यात, आणि सडाला दूध येतं ते तर अगदी व्यायच्या तोंडावर. चुलते म्हणाले, "लवकर देतीया, चांगलंच की!" म्हशीनं लवकर कास केली की घरात आनंद होतो, तोच हिशेब त्यांनी इथं लावला. मामांचा चेहरा मात्र उतरला होता. त्यांनी पूर्वी एका घोडीला असंच होताना पाहिलं होतं. ती पंधरा दिवसांत गाभडली होती, म्हणजे तिचा गर्भ पडला होता.

तालुक्याचे गुरांचे डॉक्टर दुपारी आले. ताप नाही, चारा-पाणी नेहमीसारखं, डोळे स्वच्छ. त्यांनी जे सांगितलं त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहीन. ते म्हणाले, "घोडीला काही झालेलं नाही. पण वारेला झालं असेल तर ते मला बाहेरून कळणार नाही, आणि घोडीची वार वाचणं हे माझं काम नव्हे." पुण्याकडच्या स्टड फार्मवर बरीच वर्षं काम केलेल्या एका घोड्यांच्या डॉक्टर मॅडमचा नंबर त्यांनी दिला. नुसतं अँटिबायोटिकचं इंजेक्शन टोचून ते निघून गेले असते तरी आम्ही हात जोडून निरोप दिला असता.

मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळी पोचल्या. चहाला नाही म्हणाल्या, आधी घोडी. बिजलीला खोड्यात, म्हणजे जनावर उभं अडकवायच्या चौकटीत, घेतलं, शेपटीला पट्टी गुंडाळून बाजूला बांधली. बिजली अनोळखी माणसाला पाय दाखवते, म्हणून मी गुंगीच्या इंजेक्शनबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "आज नको. त्या औषधानं पोटातल्या शिंगराच्या हृदयाची गतीसुद्धा उतरते, आणि मला तीच मोजायची आहे." मामांनी डोक्याशी उभं राहून तिला बोलण्यात गुंतवलं. ती त्यांचं ऐकते.

खांद्यापर्यंतचा हातमोजा, भरपूर वंगण. आधी आतली लीद हातानं काढली, मग छोटा प्रोब मुठीत धरून हात गुदमार्गातून आत. स्क्रीन माझ्याकडं वळवून ठेवला होता. वर करड्या रंगाचा एक पट्टा, त्याखाली काळं, आणि काळ्यात तरंगणारे बारीक ठिपके.

"ताई, काळं आहे ते शिंगराभोवतीचं पाणी. करडा पट्टा म्हणजे गर्भाशयाची भिंत आणि तिला चिकटलेली वार. चांगल्या घोडीत या दोन्हींमधली सीमा दिसतच नाही, म्हणून आपण दोन्हींची मिळून जाडी मोजतो."

कुठं मोजायची, यात सगळं कसब आहे. गर्भाशयाच्या तोंडापासून साधारण ५ सेंटिमीटर पुढं, खालच्या बाजूला. तिथं भिंतीतून एक रक्तवाहिनी गेलेली दिसते. तिच्यापासून पाण्याच्या कडेपर्यंतचं अंतर घ्यायचं. वरच्या बाजूला मोजून चालत नाही, कारण शेवटच्या दिवसांत निरोगी घोडीलाही तिथं सूज दिसू शकते. शिंगरू त्या जागी टेकलं असेल आणि त्याच्याभोवतीचं आतलं आवरण वारेला चिकटून आलं असेल, तरी आकडा फुगतो. त्यामुळं मॅडम थांबायच्या, शिंगरू हललं की पुन्हा मोजायच्या. तीन वेळा मोजून सरासरी काढली.

साडेअकरा मिलिमीटर.

१९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासापासून जगभरचे घोड्यांचे डॉक्टर जे आकडे धरतात ते त्यांनी माझ्या वहीत लिहून दिले. २७१ ते ३०० दिवसांत ही जाडी ८ मिलिमीटरच्या आत हवी. ३०१ ते ३३० मध्ये १० च्या आत. त्यानंतर १२ च्या आत. बिजली पहिल्या टप्प्यात होती. शिवाय पट्ट्यात, नेमकी गर्भाशयाच्या तोंडाजवळ, एक काळपट फट दिसत होती. तिथं वार भिंतीपासून सुटायला लागली होती आणि मध्ये पूसदृश पाणी साचलं होतं.

मी विचारलं, एवढ्याशा जागेनं शिंगराचं काय होणार? त्यावर त्यांनी खोड्याच्या आडव्या दांड्यावर हात टेकून मला जे समजावलं ते मला आधीच माहीत असायला हवं होतं असं वाटतं, पण गाई-म्हशींच्या मुलखात ते कुणी सांगत नाही. गाईच्या वारेला जागोजागी गाठी असतात, जोड तेवढ्याच ठिकाणी असतो. घोडीची वार सगळीकडं, इंच न् इंच, गर्भाशयाला चिकटलेली असते. शिंगराचं अन्न आणि प्राणवायू त्या अख्ख्या पृष्ठभागातून येतात, त्यामुळं जितकी वार सुटेल तितका त्याचा घास कमी. आणि दुसरी गोष्ट जास्त घातक: सुजलेल्या वारेतून अशी द्रव्यं सुटतात की गर्भाशयाला कळा येऊ लागतात. बऱ्याचदा शिंगरू जंतूंनी मरत नाही, त्याआधीच बाहेर फेकलं जातं. कास लवकर उतरते ती याच गोंधळामुळं. संकट आल्याचा निरोप घोडीचं शरीर कासेतून देतं, आणि आपण त्याला लवकर व्यायची खूण समजतो.

जंतू शिरतात ते खालून, योनीतून वर चढत, गर्भाशयाच्या तोंडातून. बिजलीच्या कलत्या ठेवणीकडं बोट दाखवून मॅडम म्हणाल्या, "दार नीट लागत नाही, म्हणून आत आलं." तिथल्या स्रावाचा नमुना कापसाच्या बोळ्यावर घेऊन बर्फाच्या डब्यात ठेवला. पुढं प्रयोगशाळेतून उत्तर आलं: स्ट्रेप्टोकॉकस झूएपिडेमिकस. या दुखण्यात सगळ्यांत जास्त वेळा सापडणाऱ्या जंतूंपैकी एक.

मग पोटावरून तपासणी. कासेपासून पुढं छातीच्या हाडापर्यंत पोटाखालचे केस मशीननं काढले, स्पिरिट आणि जेल लावलं, आणि दुसरा, मोठा, गोलसर प्रोब. त्याच्या लहरी खोलवर जातात, पण चित्र तितकं बारीक येत नाही. गुदमार्गातून फक्त गर्भाशयाच्या तोंडाजवळचा भाग दिसतो. उरलेली वार पाहायची तर खालूनच. अमेरिकेतल्या केंटकीत वारेचा आणखी एक आजार आढळतो, त्यात जंतू तोंडाजवळ बसतच नाहीत, गर्भाशयाच्या शिंगांच्या, म्हणजे त्याच्या दोन फाट्यांच्या, बुडाशी बसतात. तिथं नुसती मागून मोजणी केली तर सगळं आलबेल दिसेल. त्यामुळं मॅडम दोन्ही बाजूंनी पाहिल्याशिवाय मत देत नाहीत.

बरगड्यांची रांग दिसली. मग हृदय, चार कप्पे उघडमीट करत. मॅडम घड्याळ लावून मोजत होत्या. मिनिटाला चौऱ्याऐंशी. थोड्या वेळानं शिंगरानं अंग वळवलं तशी गती वाढली आणि पुन्हा खाली आली. या वाढण्या-उतरण्यानंच त्या समाधान पावल्या. त्रासात असलेल्या शिंगराची गती एक तर पडून राहते किंवा चढलेलीच राहते, हालचालीला दाद देत नाही. आबा काठी टेकत आले होते. त्यांनी आयुष्यभर घोडी सांभाळली, पण पोटातल्या शिंगराचं हृदय चालताना पहिल्यांदाच पाहत होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग मॅडमना म्हणाले, "बाई, याला वाचवा."

मी विचारलं, शिंगरू ठीक आहे तर आताच काढता येणार नाही का? नाही. घोड्याचं शिंगरू पिकतं ते अगदी शेवटच्या काही दिवसांत. ३०० दिवसांच्या आतलं शिंगरू बहुधा जगत नाही. मॅडमनी मात्र एक आशा दाखवली. वारेचा आजार हळू चालला आणि उपचारांनी आपण दिवस मिळवून दिले, तर काही शिंगरं पोटातच लवकर तयार होतात. त्यांच्या शरीराला ओढाताण जाणवते आणि ती घाई करतात. "आपल्याला हवेत ते दिवस. एकेक दिवस."

उपचार तीन बाजूंनी होते. जंतूंसाठी ट्रायमेथोप्रिम-सल्फा, कारण हे औषध वार ओलांडून शिंगराभोवतीच्या पाण्यापर्यंत पोचतं. आमच्याकडं जनावरांना सर्रास देतात ते सेफ्टिओफर मी सुचवलं, तर मॅडमनी नको म्हटलं. ते आत पुरेसं पोचत नाही. सुजेसाठी फ्लुनिक्सिन आणि पेंटॉक्सिफायलिन. आणि गर्भाशय शांत राहावं म्हणून आल्ट्रेनोजेस्ट हे संप्रेरक, तेलकट, तोंडातून द्यायचं. मात्रा मी मुद्दाम लिहीत नाही. ती घोडीच्या वजनावर आणि तपासणीवर ठरते. एक गोष्ट मात्र प्रत्येकानं लक्षात ठेवावी, विशेषतः बायकांनी. आल्ट्रेनोजेस्ट कातडीतून अंगात शिरतं. मॅडमनी मला हातमोज्याशिवाय त्या बाटलीला हात लावू दिला नाही, आणि आमच्या वहिनीला दिवस गेलेले असल्यामुळं तिला त्या कपाटाच्या आसपासही जायचं नाही असं ठरलं. तबेल्यात काम करणाऱ्या मुलींना हे कुणी सांगत नाही.

गोळ्या कुटून पातळ गुळात कालवायच्या आणि सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजनं जिभेच्या मागं सोडायच्या. सकाळ-संध्याकाळ. पहिले काही दिवस बिजलीनं गूळ म्हणून आनंदानं घेतलं, मग कडू चव ओळखून मान वर उचलू लागली. मामा तिच्या उंचीपर्यंत पोचावं म्हणून उसाच्या ट्रॉलीची फळी लावून उभे राहत.

आठवडा-दहा दिवसांनी पुन्हा मोजणी. आकडा बारा झाला होता. माझ्या पोटात गोळा आला. मॅडम शांत होत्या. फट वाढलेली नव्हती, आतलं पाणी आधीपेक्षा स्वच्छ, हृदय तसंच. सूज लगेच ओसरत नाही, ती थांबली हे पहिलं यश, असं त्या म्हणाल्या. त्यानंतरच्या वेळी साडेअकरा, मग अकरा. जानेवारीत एकदा दहाच्या किंचित वर आला, आणि तोवर बिजली दुसऱ्या टप्प्यात गेल्यामुळं मर्यादाही दहावर आली होती. आकडा नेहमी दिवसांच्या शेजारी ठेवूनच वाचायचा असतो. तोच आकडा डिसेंबरात भीतीचा आणि जानेवारीच्या शेवटी जवळजवळ निरोगी. आणि मोजणी शक्यतो त्याच हातानं, त्याच मशीनवर, त्याच जागी. दोघांनी दोन ठिकाणी मोजलं तर एक-दोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो, आणि इथं सगळा निर्णयच एक-दोन मिलिमीटरवर असतो.

कास मऊ पडली. सडातलं पाणी थांबलं. शेपटीचे केस कोरडे राहू लागले. मामा रोज सकाळी शेपटी उचलून पाहत आणि मग मला आवाज देत, "कोरडी हाय!"

खर्चाबद्दल एवढंच सांगते: औषधं, मॅडमच्या फेऱ्या, तपासण्या मिळून बराच झाला. चुलत्यांनी बोलूनही दाखवलं. पण घोडी गाभडली असती तर शिंगरू गेलं असतंच, वर्ष वाया गेलं असतं, आणि आत राहिलेल्या जंतूंनी पुढचं गर्भधारणेचं गणितही बिघडलं असतं. मला तो खर्च कधीच जड वाटला नाही.

एक काळजी वेगळीच होती. डिसेंबरात सडातून जे गळलं त्यात चीकही गेला असण्याची शक्यता. घोडीच्या वारेतून आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्यं शिंगरापर्यंत जातच नाहीत. शिंगरू जन्मतं ते पूर्ण उघडं, आणि त्याचं सगळं संरक्षण पहिल्या काही तासांतल्या चिकात असतं. दिवसभरात आतड्याचं ते दार बंद होतं. त्यामुळं पंचक्रोशीत कुणाची घोडी व्याली याची चौकशी करत होते. शेजारच्या गावातल्या एका घोडीनं धडधाकट वछेरा दिला आणि त्या मालकांनी मोठ्या मनानं चीक दिला. तो चांगला आहे का हे तपासायला मॅडमनी आमच्याच घरातली वस्तू मागितली: उसाच्या रसाची ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, मोजायची दुर्बीण. ऊस तोडणीला आला का हे पाहायला आमच्याकडं प्रत्येक बागायतदाराकडं ती असते. चिकाचा एक थेंब काचेवर टाकून उजेडाकडं धरायचं. २० च्या पुढं चांगला, ३० च्या पुढं उत्तम. तो सव्वीस भरला. गाळून, तारीख लिहून फ्रीजरमध्ये ठेवला.

दुधातलं कॅल्शियम पाहून घोडी कधी विणार याचा अंदाज बांधतात, तो मात्र अशा घोडीत बांधू नये. वारेच्या आजारात दूध आधीच बदलतं आणि फसवतं. आम्ही पाळतच ठेवली. मॅडमनी एक पिशवी बांधून दिली होती: कात्री, स्वच्छ टॉवेल, नाळेसाठी औषध, हातमोजे. कात्री का, हे त्यांनी मला आणि मामांना समोर बसवून समजावलं. घोडी विताना आधी पांढरट, चकचकीत पिशवी दिसायला हवी. तिच्याऐवजी लाल, मखमली काही दिसलं तर त्याचा अर्थ वार शिंगराच्या आधी सुटून येते आहे. शिंगराचा प्राणवायू त्या क्षणी बंद झालेला असतो. डॉक्टरांना फोन करायचाही वेळ नसतो. आधी कापायचं, मग फोन.

फेब्रुवारी लागतो न लागतो तोच एका रात्री बिजली आडवी झाली. दिवस भरायला अजून महिन्याच्या आसपास अवकाश होता. बॅटरीच्या उजेडात मला लाल दिसलं.

मामा म्हणाले, "ताई, काप!" कापलं. वार जाड होती, कात्रीला लागत होती. आतून पांढरी पिशवी आली, तीही फाडली, दोन पुढचे पाय आणि त्यांच्यावर टेकलेलं नाक. बिजलीच्या कळेबरोबर मामांनी आणि मी पाय धरून खाली, तिच्या टाचांच्या दिशेनं ओढलं. शिंगरू पेंढ्यावर आलं. वछेरी, मादी शिंगरू. मामांनी नाकपुड्या पुसल्या, टॉवेलनं बरगड्या जोरात चोळल्या. तिनं एक खोल श्वास घेतला, मग दुसरा. मी तेव्हा मॅडमना फोन लावला आणि तालुक्याच्या डॉक्टरांनाही. ते स्वेटरवर स्वेटर चढवून मोटारसायकलवर आले.

वछेरी लहानखुरी होती. केस रेशमासारखे बारीक, कपाळ फुगीर, पायांच्या शिरा सैल, त्यामुळं घोटे जमिनीकडं झुकलेले. मारवाडी शिंगराचे कान जन्मतः टोकाशी एकमेकांकडं वळलेले असतात. हिचे दोन्ही बाजूंना लोळत होते. या सगळ्या अपुऱ्या दिवसांच्या खुणा. पण तोंडात बोट दिलं तर ओढत होती, आणि डॉक्टरांच्या मते तेच सगळ्यांत मोलाचं होतं. धडधाकट शिंगरू तासाभरात उभं राहतं, दोन तासांत पितं. हिला उभं राहायला सकाळ झाली. तोवर फ्रीजरमधला चीक कोमट पाण्यात वितळवून बाटलीनं, थोडा थोडा, मान आईच्या सडाखाली असते तशी धरून पाजला. मायक्रोवेव्हमध्ये किंवा गरम पाण्यात टाकायचा नाही, त्यातली संरक्षक द्रव्यं मरतात.

वार तासाभरात पडली होती. आमच्याकडं जनावराची वार गाठोड्यात बांधून वडाला टांगतात, आणि मामा नेहमीप्रमाणं पोतं घेऊनच आले होते. पण मॅडमनी बजावून ठेवलं होतं की ती पाहिल्याशिवाय हलवायची नाही. सकाळी त्या आल्या, वछेरीला तपासलं, रक्त घेतलं, आणि मग अंगणात ताडपत्रीवर वार पसरली. निरोगी वारेचं वजन शिंगराच्या वजनाच्या अकरा टक्क्यांच्या आसपास असतं. ही वछेरीच्या मानानं बरीच जड निघाली. बाकी सगळीकडं गर्द लाल आणि मऊ, पण गर्भाशयाच्या तोंडाशी असणारा भाग तपकिरी, जाड, चामड्यासारखा, वर चिकट थर. तळहाताएवढा असेल. मॅडमनी त्या भागावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "आपण हेच मोजत होतो." आबांना, मामांना, चुलत्यांना, सगळ्यांना त्यांनी वाकून पाहायला लावलं. चुलत्यांनी हात लावून पाहिला. त्यानंतर खर्चाचा विषय निघाला नाही.

रक्तातल्या संरक्षक द्रव्यांचा आकडा ८०० च्या वर आला, म्हणजे चीक लागू पडला होता. गुडघ्याच्या आणि टाचेच्या क्ष-किरण चित्रांत छोटी हाडं अजून पूर्ण टणक झालेली नव्हती. अपुऱ्या दिवसांच्या शिंगरांत हे नेहमी पाहावं लागतं, कारण ती हाडं कच्ची असताना शिंगरू उड्या मारू लागलं तर दाबली जातात आणि पाय कायमचा वाकडा होतो. म्हणून वछेरी आणि बिजली पुढचे काही आठवडे छोट्या खोलीतच राहिल्या. वछेरीला हे मुळीच मान्य नव्हतं. दारावर पाय मारत राहायची. पुढच्या चित्रांत हाडं भरलेली दिसली तेव्हा तिला पहिल्यांदा वाड्याबाहेरच्या कुरणात सोडलं. कानही तोवर ताठ होऊन टोकाशी जुळले होते.

बिजलीला त्या हंगामात घोडा दाखवला नाही. गर्भाशय धुवून घेतलं, पुन्हा नमुना पाठवला, तो स्वच्छ आला. मग मॅडमनी योनीच्या ओठांचा वरचा भाग टाके घालून शिवला. कॅस्लिक नावाच्या डॉक्टरनं १९३७ साली सांगितलेली ही शस्त्रक्रिया आहे. जागच्या जागी भूल देऊन खोड्यातच होते, आणि हवा, लीद, जंतू आत जायची वाट बंद होते. पुन्हा गाभण राहिली तर व्यायच्या आधी ते टाके उघडावे लागतात, नाहीतर घोडी फाटते. मामांना अक्षर वाचता येत नाही, म्हणून मी तबेल्याच्या भिंतीवर टाक्यांचं चित्र काढून खाली तारखेसाठी जागा सोडली आहे. त्याच्याशेजारी २७१, ३०१, ३३० आणि ८, १०, १२ असे आकडे रंगानं लिहिले आहेत. पुढच्या वेळी सातव्या महिन्यापासून दर महिन्याला मॅडम येणार, कास उतरो वा न उतरो.